बटण अडकतं तेव्हा

लग्नाच्या बँडमधला ट्रम्पेट वाजवणाऱ्याच्या मालकीचा असेलच असं नाही. माझा मामा सांगलीकडच्या एका बँडमध्ये वाजवतो. तिथली सगळी वाद्यं मालकाची. सीझन संपला की ती मालकाच्या खोलीत जातात आणि पुढच्या वर्षी मामाच्या हातात तोच ट्रम्पेट येईल याची खात्री नसते. तरीही परत देण्याआधी मामा तो सगळा उघडून साफ करतो. याचे पैसे मिळत नाहीत. मग त्याने हे का करावं?

आधी काम काय असतं ते सांगतो. ट्रम्पेटला तीन बटणं असतात आणि प्रत्येकाखाली नळकांड्यात सरकणारा पिस्टन. बटण दाबलं की हवा जादा नळीतून फिरून जाते आणि सूर उतरतो. दुसऱ्याने अर्धा, पहिल्याने एक, तिसऱ्याने दीड. पिस्टन आणि नळकांडं यांच्यातली फट केसाहून बारीक असते, त्यात तेलाचा पातळ थर. पण फुंकर कोरडी नसते. थुंकी, वाफ, मांडवात खाल्लेल्या जिलेबीचा पाक, सगळं आत जातं. खोलीत पडून तेल वाळतं, त्याचा चिकटा होतो आणि ऐन वरातीत बटण खाली जातं ते वर येत नाही.

उपाय साधा आहे. पिस्टन काढायचे, कोमट पाण्यात साबण घालून धुवायचे, नळकांड्यातून मऊ सुती फडकं फिरवायचं, कोरडं करून तेलाचे चार थेंब सोडायचे. पिस्टनवर १, २, ३ आकडे असतात, त्यांची अदलाबदल झाली तर भोकं जुळत नाहीत आणि हवा अडते. पॉलिश पेपर तर लावायचाच नाही, घासून गेलेला धातू परत येत नाही. खोबरेलही नको. ते २४ अंशांच्या आसपास थिजतं, आणि साताऱ्यात डिसेंबरातल्या रात्रीच्या वरातीत पारा त्याच्या बराच खाली असतो. (मामाला हे शास्त्र सांगितलं तर म्हणाला, “खोबऱ्याचं त्याल डोक्याला लाव.”)

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे या प्रश्नाचं उत्तर तयार असतं: ज्याचा कोड, त्याने सांभाळावा. पण मार्च २०२४ मध्ये एक्सझेड युटिल्सचं प्रकरण बाहेर आलं. जगभरच्या सर्व्हरांवर असणारं हे छोटं सॉफ्टवेअर बरीच वर्षं मुख्यतः एकच माणूस फुकटात सांभाळत होता. तो थकला होता. कुणीतरी मदतीच्या नावाखाली त्याचा विश्वास मिळवला आणि आत चोरदरवाजा बसवला. लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय, असं एका इंजिनिअरला वाटलं म्हणून ते सापडलं. वापरणारे लाखो, आणि सांभाळणाऱ्याची चौकशी कुणी केली नव्हती.

मालकाचं वाद्य, मालकाने बघावं, हे तर्काला धरून आहे. मी मामाला तेच म्हणालो. तो म्हणाला, “आरं, म्होरच्या पोराला शिव्या बसत्यात की.” म्हणजे त्याच्या डोक्यात मालक नाहीच. पुढच्या सीझनला पहिल्यांदा उभा राहणारा, बटण अडकलं म्हणून सगळ्यांसमोर बोलणी खाणारा पोरगा आहे. मला हे पटतं. फक्त याला ‘निष्ठा’ म्हणून टाळ्या वाजवणं पटत नाही, कारण टाळ्या वाजवल्या की मालकाचं देणं फिटल्यासारखं वाटतं. मामा त्या पोराचं काहीतरी लागतो आणि मालक मामाचं काहीतरी लागतो. पहिलं फेडल्याने दुसरं फिटत नाही.

शेजारी मिरजेत बघा. तिथल्या सतार आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये जीआय मानांकन मिळालं. तंबोऱ्याची जवारी काढणं हे नाव असलेलं काम आहे, म्हणून त्याचा मोबदला मागता येतो. बटणं साफ करण्याला आपल्याकडे शब्दच नाही. वराती पुढे नाचणाऱ्यांपैकी किती जण ट्रम्पेटवाल्याच्या तोंडाकडे बघतात, हाही त्यातलाच भाग.

मी मामाला सुचवलं, सीझनअखेर साफसफाईची एक दिवसाची हजेरी माग. तो हसला. “मालक म्हनंल, मग नको करू.”

मग नाही करायचं, मी म्हणालो. त्यावर तो काही बोलला नाही. न बोलावता तो ते करणारच, हे मालकालाही माहीत आहे.