द्राक्षमळ्यात उशिरा आलेला मजूर

निवडणुकीत कुणाला पाठिंबा द्यावा, हा प्रश्न आपण बहुधा सोयीचा मानतो, नीतीचा मानीत नाही. उमेदवार आपल्या गावचा आहे का, आपल्या समाजाचा आहे का, फार तर त्याचे हात स्वच्छ आहेत का, एवढे पाहून आपण मोकळे होतो. पण दोन्ही उमेदवार एकाच पक्षाचे असले, दोघांचे उद्दिष्ट एकच असले, दोघेही बुद्धिमान व प्रामाणिक असले, इतकेच नव्हे तर दोघेही आपल्याच श्रद्धेतले, रविवारी न चुकता मिस्साला जाणारे असले, तर काय करावे? मग जात, धर्म, पक्ष हे नेहमीचे टेकू गळून पडतात आणि माणूस आपल्या सदसद्विवेकबुद्धीपुढे एकटा उभा राहतो. १९६८ साली अमेरिकेतील हजारो तरुणांवर ही वेळ आली. तो इतिहास आता जुना झाला असला तरी त्यातला पेच जुना झालेला नाही.

आधी तेथील पद्धतीविषयी थोडेसे. आपल्याकडे पक्षाचे तिकीट कुणाला द्यायचे ते श्रेष्ठी ठरवतात. कार्यकर्त्याने त्यानंतर फक्त घोषणा द्यायच्या असतात. अमेरिकेत मात्र राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार निवडण्यासाठी अनेक राज्यांत मतदार आधी पक्षांतर्गत मतदान करतात. त्यालाच प्रायमरी म्हणतात. १९६८ साली अशी राज्ये थोडी होती. बाकीच्या राज्यांतले प्रतिनिधी पक्षाचे पुढारी आपसांत ठरवीत आणि अंतिम निवड उन्हाळ्याच्या अखेरीस अधिवेशनात होई. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण पुढे तिला फार महत्त्व आले.

व्हिएतनामच्या युद्धात त्या वेळी सुमारे पाच लाख अमेरिकी सैनिक गुंतले होते. डेमोक्रॅटिक पक्षाचेच लिंडन जॉन्सन राष्ट्राध्यक्ष होते, आणि पदावर असलेल्या राष्ट्राध्यक्षाला त्याच्याच पक्षातून आव्हान देणे म्हणजे राजकीय आत्मघात समजला जाई. युद्धविरोधी कार्यकर्ते, त्यांत अ‍ॅलर्ड लोवेनस्टाइन हे प्रमुख, १९६७ साली प्रथम रॉबर्ट केनेडींकडे गेले. केनेडींनी नकार दिला. आपण उभे राहिलो तर हा युद्धाचा प्रश्न न राहता जॉन्सन आणि आपल्यातले जुने वैर ठरेल, अशी त्यांना भीती होती. आणखी एका सिनेटरनेही नकार दिला. अखेर मिनेसोटा राज्याचे सिनेटर यूजीन मॅकार्थी यांनी होकार दिला आणि ३० नोव्हेंबर १९६७ रोजी उमेदवारी जाहीर केली.

हे मॅकार्थी गृहस्थ राजकारणात जरा वेगळेच. त्यांचे शिक्षण बेनेडिक्टाईन मठवासीयांच्या सेंट जॉन्स विद्यापीठात झाले. तरुणपणी काही महिने त्यांनी त्याच मठात नवशिष्य म्हणूनही काढले होते. पुढे अध्यापन केले, कविता लिहिल्या. सभेत आवाज चढवायचा नाही, टाळ्यांसाठी थांबायचे नाही, असा त्यांचा खाक्या. न्यू हॅम्पशरच्या बर्फात त्यांच्यासाठी विद्यार्थी दारोदार हिंडले. म्हाताऱ्या मतदारांनी बिचकू नये म्हणून त्यांनी लांब केस कापले, दाढ्या काढल्या. १२ मार्च १९६८ रोजी मतमोजणी झाली तेव्हा जॉन्सन यांना सुमारे ४९ टक्के आणि मॅकार्थींना ४२ टक्के मते होती. हरूनही ते जिंकले, असेच सगळ्यांनी मानले.

आणि चारच दिवसांनी, १६ मार्चला, रॉबर्ट केनेडी रिंगणात उतरले.

त्या विद्यार्थ्यांना काय वाटले असेल याची कल्पना करणे अवघड नाही. ज्याला आधी विनवले तो घरात बसला. ज्याने धाडस केले त्याच्यामागे आम्ही थंडीत राबलो. आणि वाट मोकळी झाली असे दिसताच पहिला बाहेर आला! ३० जानेवारीपर्यंत, दिसू शकणाऱ्या कोणत्याही परिस्थितीत आपण जॉन्सन यांच्याविरुद्ध उभे राहणार नाही, असेच केनेडी पत्रकारांना सांगत होते. त्याच सुमारास व्हिएतनाममध्ये टेटचा मोठा हल्ला झाला आणि परिस्थिती पालटली, हे खरे. पण ती मॅकार्थींच्या धाडसानेही पालटली होती.

येथे आपल्याला मत्तयच्या शुभवर्तमानातील द्राक्षमळ्याचा दाखला आठवतो. पहाटे आलेल्या मजुरांनी दिवसभराचे ऊन सोसले, अकराव्या तासाला आलेल्यांनी घटकाभर काम केले, आणि मालकाने सर्वांना सारखेच वेतन दिले. पहाटेचे मजूर कुरकुरले तर चुकले, असा त्या दाखल्याचा रोख. मग मॅकार्थींचे तरुणही चुकले का? मला वाटते, हा दाखला येथे उतावळेपणाने लावू नये. मळ्याचा मालक स्वतःचे धन वाटत होता, आणि उदार होण्याचा त्याला अधिकार होता. मतदाराजवळ जे आहे ते त्याचे खासगी धन नव्हे. राष्ट्राध्यक्षपद हे उमेदवाराला द्यायचे वेतनच नव्हे. पहाटे आला म्हणून नव्हे आणि उशिरा येऊन पश्चात्ताप व्यक्त केला म्हणूनही नव्हे. ते एक साधन आहे आणि ज्यांच्यासाठी ते वापरायचे ती माणसे तिसरीच असतात: भाताच्या शेतात मरणारी व्हिएतनामी मुले, सक्तीने सैन्यात भरती झालेले अमेरिकी तरुण, शिकागो-डेट्रॉइटच्या काळ्या वस्त्यांतली कुटुंबे.

हे मान्य केले की कृतज्ञतेचा दावा ढिला पडतो. मॅकार्थींचा आदर करावा, त्यांचे ऋण मान्य करावे. पण ऋण फेडण्यासाठी मत देऊ नये. मत म्हणजे उपकाराची परतफेड असे एकदा ठरले, की मग नळजोडणी करून देणाऱ्याला दिलेले मत आणि हे मत यांत फरक तो काय राहिला?

मात्र एवढ्यावर थांबता येत नाही. संत थॉमस अक्वायनस यांनी विवेक या सद्गुणाची जी अंगे सांगितली आहेत, त्यांत दूरदृष्टी जशी आहे तशी स्मृतीही आहे. आपल्याकडे विवेक म्हणजे जपून वागणे असे समजले जाते. संत थॉमस यांना अभिप्रेत होते ते करावयाच्या कृतीविषयीचे योग्य तर्कज्ञान. ज्याला काल काय घडले याचे स्मरण नाही, त्याला उद्याचे नीट दिसणार नाही. आता विचार करा: जो प्रथम धोका पत्करतो त्याला, मोठ्या नावाचा माणूस येताच सगळे सोडून जातात, असा पायंडा पडला, तर पुढच्या खेपेला प्रथम कोण उभा राहील? प्रत्येक जण दुसऱ्याने बर्फ तुडवण्याची वाट पाहील. म्हणजे मॅकार्थींशी निष्ठा राखण्यात केवळ भावना नव्हती, तर सार्वजनिक हिताचाही एक भाग होता. केनेडींच्या बाजूचे बुद्धिमान लोक हा मुद्दा फार हलक्या हाताने बाजूला सारीत.

उलट बाजूही तितकीच भक्कम आहे आणि ती मला अधिक अस्वस्थ करते. केनेडी उशिरा आले, असे आपण म्हणतो. पण कुणाच्या घड्याळाप्रमाणे उशिरा? एप्रिल १९६७ मध्ये मिसिसिपीच्या खोऱ्यात उपाशी मुलांच्या झोपड्यांतून ते फिरले होते. ४ एप्रिल १९६८ च्या रात्री मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येची बातमी इंडियानापोलिसच्या काळ्या वस्तीतील जमावाला त्यांनीच सांगितली आणि आपल्याही भावाला एका गोऱ्याच माणसाने मारले, हे त्यांनी तेथे बोलून दाखवले. त्या रात्री अनेक शहरे पेटली. इंडियानापोलिस शांत राहिले. महिन्याभराने त्या राज्यात मतदान झाले तेव्हा काळ्या मतदारांनी केनेडींना भरभरून मते दिली. त्यांच्या दृष्टीने पहाटेचा मजूर केनेडीच होता, आणि न्यू हॅम्पशरच्या बर्फातली मुले त्यांच्या दारात कधी आलीच नव्हती. मॅकार्थी हे काळ्यांच्या हक्कांचे विरोधक मुळीच नव्हते, पण त्यांच्या शांत, काहीशा कोरड्या वाणीला त्या वस्त्यांची भाषा येत नव्हती. २८ मे रोजी ऑरेगनमध्ये, जेथे काळे आणि गरीब मतदार थोडे होते, तेथे मॅकार्थी जिंकले. केनेडी घराण्याचा मतपेटीतला हा पहिला पराभव. कुणाचे दुःख आपल्या नजरेसमोर आहे, त्यावर कोण प्रथम आला हे ठरते.

केनेडींविषयी आणखी एक सांगायला हवे. व्हिएतनाममध्ये अमेरिकेचे पाऊल अडकवणाऱ्या सुरुवातीच्या निर्णयांत ते स्वतः सहभागी होते. १८ मार्चला कॅन्ससमधील विद्यार्थ्यांपुढे त्यांनी ते उघडपणे मान्य केले आणि त्या जबाबदारीतला आपला वाटा उचलण्याची तयारी दर्शवली. असा कबुलीजबाब राजकारणात विरळा. पण तेच केनेडी १ जूनच्या दूरचित्रवाणीवरील वादात, काळ्यांना गोऱ्या उपनगरांत घरे मिळावीत असा मुद्दा मॅकार्थींनी मांडताच, तुम्ही दहा हजार काळ्यांना ऑरेंज काउंटीत नेणार आहात, असे म्हणून गेले. गोऱ्या मतदारांच्या भीतीला घातलेली ती हाक होती. ज्यांनी त्यांना पाठिंबा दिला त्यांना हे वाक्यही पदरात घ्यावे लागले. उमेदवाराला पाठिंबा देताना त्याच्यातले निवडून निवडून घेता येत नाही.

मग कुणाचे बरोबर? माझे उत्तर असे की, मतदार आणि कार्यकर्ता यांना एकच नियम लागू नाही. मतदाराने कुणाला शब्द दिलेला नसतो. कॅलिफोर्नियातला मतदार मी असतो तर केनेडींना मत दिले असते, कारण युद्ध थांबवण्याची इच्छा आणि गरिबांचा विश्वास या दोन्ही गोष्टी एकत्र तेथेच होत्या. पण न्यू हॅम्पशरमध्ये दारे ठोठावणारा विद्यार्थी असतो तर मॅकार्थींना सोडले नसते. त्याने शब्द दिलेला असतो, आणि तो केवळ नेत्याला नव्हे, तर शेजारी थंडीत उभ्या असलेल्या सोबत्यांना व ज्यांची दारे ठोठावली त्या अनोळखी मतदारांना. उमेदवार नालायक निघाला, तर तो शब्द मोडावा. दुसरा अधिक चांगला निघाला एवढ्यावरून मोडू नये. या नियमाला एक अपवाद मात्र त्याच वर्षी घडला. भाषणे लिहिणारे रिचर्ड गुडविन मॅकार्थींच्या कामाला आले तेव्हाच, केनेडी उतरले तर आपण जाऊ, असे त्यांनी सांगून ठेवले होते. ते गेले. त्यांना निष्ठाहीन म्हणता येणार नाही, कारण मर्यादा आधीच सांगून दिलेला शब्द त्यांनी मोडला नाही.

ख्रिस्ती म्हणून येथे एक गोष्ट नजरेत भरते. १९६० साली जॉन केनेडी उभे राहिले तेव्हा कॅथलिक माणूस राष्ट्राध्यक्ष व्हावा की नाही, यावरच वादळ उठले होते. आठच वर्षांनी दोन कॅथलिक परस्परांविरुद्ध उभे होते आणि धर्मश्रद्धेचा प्रश्न जवळजवळ कुणी काढला नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ सालच्या 'आधुनिक जगातील ख्रिस्तसभा' या दस्तऐवजात म्हटलेच होते की, एकाच प्रश्नावर श्रद्धावंत प्रापंचिक तितक्याच प्रामाणिकपणे भिन्न निष्कर्षांना येऊ शकतात, आणि अशा वेळी ख्रिस्तसभेचा अधिकार केवळ आपल्याच मताच्या बाजूने आहे, असा दावा कुणी करू नये. धर्मगुरूंनी प्रवचनात नाव सांगितले असते तर बरे झाले असते, असे ज्यांना वाटते त्यांनी हा परिच्छेद अवश्य वाचावा.

पुढचे सर्वज्ञात आहे. ४ जूनला कॅलिफोर्नियात केनेडी थोडक्यात जिंकले. मध्यरात्रीनंतर त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या आणि ६ जूनला त्यांचा अंत झाला. त्यानंतर मॅकार्थींचाही उत्साह मावळल्यासारखा झाला. प्रचार चालू राहिला, पण त्यात मन दिसेना. मत्तयच्याच शुभवर्तमानात दोन मुलांची गोष्ट आहे: एक नाही म्हणाला आणि मागाहून मळ्यात गेला, दुसरा हो म्हणाला आणि गेला नाही. मॅकार्थींना दुसऱ्या मुलाच्या जागी बसवणे अन्यायाचे होईल, कारण ते गेले होते, आणि सर्वांच्या आधी गेले होते. पण दिवस मावळेपर्यंत ते मळ्यात थांबले का, असा प्रश्न त्यांच्याच माणसांनी त्या उन्हाळ्यात विचारला.

ऑगस्टच्या अखेरीस शिकागोच्या अधिवेशनात मे महिन्यात एकमेकांशी अबोला धरणारी केनेडींची आणि मॅकार्थींची माणसे एकत्र बसली आणि त्यांनी युद्धविरामाचा ठराव तयार केला. गुडविनही मॅकार्थींकडे परतले होते. ठराव सुमारे १,५६८ विरुद्ध १,०४१ मतांनी फेटाळला गेला, बाहेर रस्त्यांवर पोलिसांच्या लाठ्या चालल्या, आणि एकही प्रायमरी न लढवलेले उपराष्ट्राध्यक्ष ह्यूबर्ट हंफ्री उमेदवार झाले. प्रायमरीतल्या मतांना किती थोडे मोल होते, हे त्या रात्री उघड झाले. पुढे पक्षाने नियम बदलले ते त्यामुळेच.

आता शेवटचा आणि माझ्या मते सर्वांत कठीण प्रश्न उरला होता: हरलेल्याने काय करावे? हंफ्रींनी जॉन्सन यांच्या युद्धाचे समर्थन केले होते. समोर रिचर्ड निक्सन होते. मॅकार्थी आठवड्यामागून आठवडे गप्प राहिले आणि मतदानाला जेमतेम एक आठवडा उरला असताना, २९ ऑक्टोबरला, त्यांनी हंफ्रींना अगदी थंड शब्दांत पाठिंबा दिला. ५ नोव्हेंबरला निक्सन सुमारे पाच लाख मतांनी निवडून आले. टक्केवारीतला फरक एकाहून कमी. गप्प राहिले नसते तर निकाल फिरला असता, असे म्हणायला आधार नाही. पण आपले हात स्वच्छ ठेवण्यासाठी घेतलेल्या त्या मौनाची किंमत, ती असलीच तर, मॅकार्थींना मोजावी लागणार नव्हती. युद्ध आणखी चार वर्षे चालले, आणि मेलेल्या अमेरिकी सैनिकांपैकी वीस हजारांहून अधिक त्या निवडणुकीनंतर मेले. व्हिएतनामींची मोजदाद त्याहून कितीतरी मोठी.