पिकाची नोंद फोनवर होते, खड्ड्याची का नाही?

परभणी शहराची लोकसंख्या किती, याचं अधिकृत उत्तर अजून 2011च्या जनगणनेतलंच आहे: तीन लाख सात हजारांच्या आसपास. महापालिकाही त्याच वर्षीची. जिंतूर रोड, वसमत रोडला शहर वाढलं, आकडा मात्र जागचा हलला नाही.

शहराची खबर रहिवाशांकडूनच घ्यावी, हा विचार जुनाच. 1854 साली लंडनमध्ये कॉलरा पसरला, तेव्हा डॉ. जॉन स्नो यांनी घरोघरी चौकशी केली, मृत्यू नकाशावर मांडले आणि दोष एका पंपाच्या पाण्यात सापडला. तिथे विचारणारा माणूस होता. 2007 मध्ये ब्रिटनमध्ये ‘फिक्समायस्ट्रीट’ आलं, तेव्हा लोक आपणहून खड्डे नकाशावर दाखवू लागले. आपल्याकडे 2016 मध्ये ‘स्वच्छता’ अॅप आलं: फोटो काढा, पाठवा. बॉस्टनने 2012च्या सुमारास त्याही पुढे जाऊन माणसाचं सांगणंच काढून टाकलं. ‘स्ट्रीट बम्प’मध्ये गाडी आदळली की फोन परस्पर नोंद करायचा.

मग लक्षात आलं, की ज्यांच्याकडे गाडी आणि स्मार्टफोन त्यांच्याच गल्लीतले खड्डे दिसणार. बाकीच्यांचे रस्ते कागदावर गुळगुळीत! म्हणून तिथे ते अॅप आधी शहरभर फिरणाऱ्या रस्ते-निरीक्षकांच्या हाती दिलं गेलं. मला या सगळ्या प्रवासातली ही पायरी सर्वांत शहाणपणाची वाटते.

आपली माणसं फोनवर माहिती भरत नाहीत, असं कुणी म्हणू नये. 2021पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू आहे. पूर्वी तलाठी करायचे ती नोंद आता सेलू-मानवतचा शेतकरी स्वतः करतो. बांधावर रेंज शोधत फिरतो, गट नंबर निवडतो, कापसाचा फोटो काढतो. ज्याला जमत नाही, त्याच्यासाठी सहायक असतो. एवढा खटाटोप कशासाठी? सोयाबीन हमीभावाने विकायचं तर सातबाऱ्यावर पीक लागतं. दिलेल्या माहितीची पोच कागदावर उमटते.

शहरातल्या तक्रारीचं असं काही उमटत नाही. बऱ्याच गावांत अनुभव एकच: ‘तक्रार निकाली’ असा मेसेज येतो, ढीग तिथेच असतो. दुसऱ्यांदा फोटो कोण काढील? ‘नागरिकच उदासीन’ असं म्हणून आपण मोकळे होतो. ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ हे म्हणायला सोपं, पण इथे लोकांचा आळस नाही, उत्तराचा दुष्काळ आहे.

येत्या जनगणनेत प्रगणकांच्या हाती मोबाईल असणार आहे आणि तिची संदर्भ तारीख 1 मार्च 2027 आहे. नवा आकडा त्यानंतरच. तोवर महापालिकेने महागड्या यंत्रणेची वाट पाहू नये. घंटागाडी गल्लोगल्ली जाते, स्मार्टफोन नसलेल्यांच्या दारातही. तिच्या चालकाच्या फोनवरून तुंबलेली नाली, खचलेला रस्ता नोंदवून घ्यावा, आणि काय दुरुस्त झालं, काय राहिलं, याची यादी दर महिन्याला प्रभागात लावावी.