अन्नदानाच्या पलीकडे

उपाशी माणसाविषयी बायबलमध्ये दोन प्रकारची शिकवण आढळते. पहिली दयेची. मत्तयाच्या शुभवर्तमानातील पंचविसाव्या अध्यायात न्यायाच्या दिवशी भुकेल्याला खाऊ घातले की नाही याचा हिशेब होतो. त्या भुकेल्याच्या रूपाने खुद्द न्याय करणारा राजाच दारात उभा होता, हे लोकांना फार उशिरा कळते. दुसरी शिकवण हक्काची आहे आणि ती त्याहून जुनी. लेवीय पुस्तकातील नियमाप्रमाणे कापणीच्या वेळी शेताच्या कडा सोडायच्या आणि मागे पडलेला सरवा मालकाने वेचायचा नाही. तो गरिबांचा आणि परक्यांचा. परदेशी विधवा रूथ बवाजाच्या शेतात सरवा वेचते, त्यामागे हाच नियम आहे. बवाज भला माणूस होता हे खरे, पण नियम मालकाच्या भलेपणावर विसंबून नव्हता.

महाराष्ट्रातील ख्रिस्ती सेवाकार्यात पहिली शिकवण आधी रुजली. दुसरीला बराच काळ लागला.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस १८७६-७८, १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दुष्काळ पडले, आणि मिशनचे आवार म्हणजे अन्न व आसरा मिळण्याची जागा झाली. या काळातील सर्वांत मोठे नाव पंडिता रमाबाईंचे. त्यांचे आईवडील १८७० च्या दशकातील दुष्काळात अन्नान्न करीत गेले. विद्वान ब्राह्मण कुटुंब अंगमेहनतीचे काम करायला किंवा हात पसरायला धजेना, आणि हा जातीचा अभिमान उपासमारीत किती महागात पडला हे रमाबाईंनी पुढे स्वतःच लिहून ठेवले. १८९६-९७ मध्ये त्या मध्य प्रांतात गेल्या आणि दुष्काळात सापडलेल्या शेकडो मुली-विधवांना घेऊन आल्या. केडगावच्या मुक्ती सदनात या मुलींना जेवणाबरोबर अक्षरओळख मिळाली. शेती, विणकाम, छपाई अशी कामेही त्यांनी हाती घेतली. रमाबाईंच्या कार्याचे खरे वेगळेपण इथे दिसते. कष्टाला कमीपणा मानण्याची जी वृत्ती त्यांच्या घराला भोवली, तिच्यावरच त्यांनी घाव घातला.

तरीही या मदतीला एक काटा होता. आश्रय देणारा आणि धर्म सांगणारा एकच असला, की घेणाऱ्याचा होकार कितपत मोकळा, ही शंका उरतेच. पोटासाठी धर्म सोडला, असे टोमणे दुष्काळात ख्रिस्ती झालेल्या कुटुंबांना ऐकावे लागले. हा आरोप सरसकट खरा नाही. ज्यांना गावच्या विहिरीला हात लावता येत नव्हता, त्यांच्या दृष्टीने उपासनेत इतरांच्या मांडीला मांडी लावून बसणे ही भाकरीएवढीच मोलाची गोष्ट असू शकते. पण शंका निराधारही म्हणता येत नाही, आणि पुढच्या पिढीतल्या ख्रिस्ती कार्यकर्त्यांना तिचे उत्तर कृतीतून द्यावे लागले.

असे उत्तर अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यात जामखेडला मिळाले. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले दांपत्य आधी याच जिल्ह्यात वडाळ्याच्या मिशन रुग्णालयात होते. बरे करून घरी धाडलेले मूल काही महिन्यांनी तोच आजार घेऊन परत येई. औषध लागू पडत होते, पण घरी पुरेसे अन्न नव्हते आणि प्यायचे पाणी गढूळ होते. १९७० मध्ये दोघांनी जामखेडला सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला, तो या अनुभवातून.

पाठोपाठ १९७२ चा दुष्काळ आला. गावोगाव मदत म्हणून सुकडी आणि लाल मिलो ज्वारी वाटली जात होती. आरोळ्यांनी लहान मुलांच्या जेवणाची व्यवस्था गावकऱ्यांच्याच हाती दिली आणि सगळ्या जातींची मुले एका पंगतीत बसतील असे पाहिले. पिण्याच्या पाण्यासाठी बोअर घ्यायची वेळ आली तेव्हा जागा दलित वस्तीत किंवा तिच्या लगत निवडण्याचा आग्रह धरला. पाणी हवे असेल तर साऱ्या गावाने त्या वस्तीत यायचे. शिवाशिवीविरुद्ध भाषण न करता हातपंपाच्या जागेने साधलेले हे काम दहा प्रवचनांपेक्षा जास्त ख्रिस्ती म्हणावे लागेल.

प्रकल्पाचा कणा होत्या गावातल्याच आरोग्य कार्यकर्त्या. त्यातल्या बहुतेक निरक्षर, अनेकजणी दलित, काही नवऱ्याने टाकलेल्या. दर आठवड्याला जामखेडला येऊन त्या शिकत: मुलाचे वजन कसे करायचे, जुलाबात मीठ-साखरेचे पाणी कसे द्यायचे, बाळंतपणात नाळ कशाने कापायची. १९७१ च्या सुमारास या भागात हजारी बालमृत्यू पावणेदोनशेच्या घरात होते. पुढच्या दोन दशकांत ते पन्नासाच्या खाली आले. जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ च्या आपल्या ग्रंथात जामखेडची दखल घेतली आणि १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. श्रद्धा ही प्रकल्पामागची प्रेरणा राहिली, उपचाराची अट कधीच झाली नाही.

याच जिल्ह्यात स्वित्झर्लंडचे जेझुइट धर्मगुरू हर्मन बाखर यांनी पाण्याचा प्रश्न दुसऱ्या टोकाने हाती घेतला. जर्मन मदत, नाबार्ड आणि स्वयंसेवी संस्था यांना जोडून त्यांनी पाणलोट विकासाचा कार्यक्रम उभा केला. गावाने श्रमदान करायचे, चराईबंदी व कुऱ्हाडबंदी पाळायची, मगच निधी. माथ्यापासून पायथ्यापर्यंत समतल चर आणि नालाबंडिंग झाले, की विहिरींना पाणी टिकते आणि ऊसतोडीला जाणारी माणसे काही प्रमाणात गावात थांबतात.

मात्र पाणलोटाचे पाणी ज्याची जमीन त्याच्या विहिरीत उतरते. भूमिहीनाच्या वाट्याला बांधबंदिस्तीच्या कामाची मजुरी येते, ती काम संपले की थांबते. चराईबंदीची झळ मात्र चार शेळ्यांवर संसार चालवणाऱ्या बाईला सर्वांत आधी लागते. म्हणून काही गावांत बंदी टप्प्याटप्प्याने लागू करणे, चारा कापून नेण्याची मुभा देणे, गावाच्या पाणलोट समितीत भूमिहीनांना जागा ठेवणे असे तोडगे काढावे लागले. लेवीय पुस्तकातला सरवा ज्याला जमीनच नाही त्याच्यासाठी होता, आणि पाणलोटाच्या आराखड्यात त्याचा वाटा आजही वेगळा मागून घ्यावा लागतो.