बसण्याचं भाडं

उज्जैनच्या माधव नगरात, म्हणजे लोकांच्या तोंडच्या फ्रीगंजमध्ये, संध्याकाळी बर्गर सहज मिळतो. त्याच्यासोबत ‘हॅपी अवर’च्या स्वस्त दरात बिअर मात्र मिळत नाही. 1 एप्रिल 2025 पासून मध्य प्रदेश सरकारने 19 धार्मिक स्थळांच्या हद्दीत दारूची दुकानं आणि बार बंद केले, त्यात उज्जैन महापालिकेची सगळी हद्द आली. दारूच्या दुकानांना लागून असलेले अहाते तर 2023 सालीच राज्यभर बंद झाले होते. अहाता म्हणजे गरिबाचा बार: प्लास्टिकच्या खुर्च्या, पाण्याचे पाऊच, शेंगदाण्यांचा चकणा आणि घटकाभर गप्पा.

पिणं मात्र गुन्हा ठरलेलं नाही. हद्दीबाहेरून आणलेली बाटली घरात उघडायला मोकळीक आहे. याच शहरात कालभैरवाला आजही मद्याचा नैवेद्य लागतो. पुजारी बशीत दारू ओतून ती मूर्तीच्या ओठांशी धरतो आणि उरलेली बाटली प्रसाद म्हणून भक्ताच्या हाती देतो. तेव्हा नीट पाहिलं तर बंदी आली ती विक्रीवर, आणि विक्रीच्या आधाराने चालणाऱ्या बैठकीवर.

ही बैठक काय होती, हे हॅपी अवरच्या हिशेबातून नेमकं कळतं. चार ते सात ही बारवाल्याची मंदीची वेळ. जागेचं भाडं, पोऱ्यांचा पगार, विजेचं मीटर चालूच असतं आणि खुर्च्या मात्र रिकाम्या. रिकामी गेलेली खुर्ची उद्या दोनदा विकता येत नाही. म्हणून तो दर उतरवतो. गिऱ्हाईकही नुसत्या दारूसाठी येत नाही, ती दुकानात केव्हाही स्वस्त पडते. समोर ग्लास असेपर्यंत ‘उठा’ म्हणायला कोणी येत नाही, याचे ते पैसे असतात. ऑफिसात साहेब असतो, घरी जबाबदाऱ्या असतात. या दोहोंच्या मधे आपण कोणाचेच काही लागत नाही अशी एक जागा माणसाला हवी असते. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ रे ओल्डनबर्ग यांनी 1989 सालच्या आपल्या पुस्तकात अशा जागांना घर आणि काम यांपलीकडची ‘तिसरी जागा’ म्हटलं. आपल्याकडे ती फुकट सहसा मिळत नाही. दारू हे तिथे बसण्याचं भाडं.

पण म्हणून बारच्या नावाने गळा काढायचं कारण नाही. त्या भाड्याचा खरा बोजा बसणाऱ्यापेक्षा घरी वाट पाहणाऱ्या बाईवर पडत आला: कधी अर्ध्या पगाराच्या रूपाने, कधी मारहाणीच्या. शिवाय ती तिसरी जागा पुरुषांचीच होती. अहात्यात बायको-बहिणीला घेऊन कोण गेलं? ज्यांना या बंदीने हायसं वाटलं, त्यांना सोवळं म्हणून हिणवणं हा अन्यायच ठरेल.

पण जागेची गरज कायद्याने मिटत नाही. 1949च्या दारूबंदी कायद्यानंतर मुंबईत बैठका मोडल्या नाहीत. त्या चोरून दारू विकणाऱ्या ‘आंटी’च्या अड्ड्यांवर गेल्या. पुढे बंदी सैल झाली तेव्हा त्याच कायद्याच्या पोटातून ‘परमिट रूम’ची पाटी आली, ती अजून टिकून आहे. बैठकीला दुसरी जागा दिली नाही की ती अंधारातली जागा शोधते, आणि तिथलं भाडं जास्त असतं.

काढून घेतलेल्याच्या जागी दुसरं काय आणि कसं द्यावं, यासाठी बर्गरकडे पाहण्यासारखं आहे. 1996 साली मॅकडोनाल्ड्‌स दिल्लीत आलं ते गोमांसाविना, म्हणजे ज्यावर त्याचं नाव झालं तेच वगळून. तरी बर्गर जगला, कारण रिकाम्या झालेल्या जागी आलू टिक्की आली. माळव्याने तर हेही मागे टाकलं. इंदूरच्या छप्पन दुकानवर हॉट डॉग म्हणून जे लोक रांगा लावून खातात, त्यात परदेशी सॉसेजचा पत्ता नसतो. मधलं सारण बदलता येतं. ते काढून नुसता पाव मात्र खपत नाही.

बैठकीचं सारण बदलण्याचं हे काम फ्रीगंजच्या कॅफेंनी थोडंफार जमवलं आहे. कोबी-मेयोनीजमध्ये लडबडलेला बटाट्याचा बर्गर आणि एक कोल्ड कॉफी दोघींत घेऊन कॉलेजच्या मुली तासभर बसू शकतात, हे अहात्याच्या काळात त्यांच्या वाट्याला कुठे होतं? पण रोजंदारीवरच्या माणसाला हे भाडं परवडत नाही, आणि काचेचं दार त्याला आपलं वाटत नाही. टॉवर चौकात त्याला चाट मिळते, ती उभ्याने खायची. द्रोण रिकामा झाला की मागचं गिऱ्हाईक पुढे सरकतंच.

बंदी यशस्वी झाली की नाही, हे सरकार बंद दुकानं मोजून सांगेल. माझी मोजणी वेगळी आहे. संध्याकाळी सात वाजता खिशात वीस रुपये असलेल्या माणसाला, आणि बाईलाही, तासभर बसता येईल अशा जागा शहरात किती? रात्री दहापर्यंत उघडं वाचनालय, दिवे आणि बाकं असलेली बाग, दोन मित्रांनी एक कटिंग घेऊन बसावं असं हॉटेल. यासाठी नवा कायदा नको, पालिकेच्या अंदाजपत्रकात एक ओळ हवी. शहराने हे भाडं स्वतः भरलं नाही, तर घरात उघडलेल्या बाटलीपाशी ते पुन्हा घरातल्या बाईकडूनच वसूल होईल.