जीर्णोद्धार आणि संहिताशुद्धी : सोव्हिएत मोटारसायकलींच्या निमित्ताने

१

जुनी वस्तू पूर्ववत करणारा माणूस तिचे नेमके कोणते 'पूर्व' परत आणू पाहतो, हा प्रश्न वरकरणी तांत्रिक वाटला तरी मुळात नैतिक आहे. वास्तू, मूर्ती आणि चित्रे यांच्या संदर्भात युरोपीय विचारविश्वात त्याची दीर्घ चर्चा झालेली आहे. रस्किनने १८४९ मध्ये जीर्णोद्धार ही कल्पनाच असत्य ठरवली. व्हियोले-ल-द्युक याने मात्र वास्तू कदाचित कधीही ज्या पूर्णावस्थेत नव्हती त्या अवस्थेला तिला नेणे, असा जीर्णोद्धाराचा अर्थ लावला. रीगलने १९०३ मध्ये वस्तूच्या ऐतिहासिक मूल्यापासून तिचे वयोमूल्य वेगळे काढले. हे सर्व विवेचन प्रामुख्याने एकमेवाद्वितीय कृतींना समोर ठेवून झाले आहे. कारखान्यातून हजारोंच्या संख्येने बाहेर पडलेल्या यंत्राला ते लागू करू गेल्यास त्यातील काही गृहीते डळमळू लागतात. सोव्हिएत काळातील मोटारसायकली आणि त्यांच्या साइडकार यांच्या जीर्णोद्धाराचे उदाहरण या दृष्टीने विचारात घेण्याजोगे आहे.

गोठ्यात, पडवीत किंवा उघड्यावर वर्षानुवर्षे पडून राहिलेली 'उराल', 'द्नेपर' किंवा 'इझ' गाडी शोधून काढावी, तिचा प्रत्येक भाग सुटा करावा, सांगाड्यावर वाळूचा मारा करून गंज आणि रंगाचे थर उतरवावेत, नवा रंग द्यावा, चाकांना नव्या तारा घालाव्यात आणि यंत्र पुन्हा चालते करावे, हा उद्योग पूर्वीच्या सोव्हिएत प्रदेशांत आणि त्याबाहेरही निष्ठेने चालतो. या उद्योगात सर्वाधिक प्रतिष्ठा लाभते ती 'कारखान्यातून निघाली तशी' या आदर्शाला. या आदर्शाचीच चिकित्सा येथे अभिप्रेत आहे.

२

सोव्हिएत मोटारसायकलीच्या बाबतीत 'मूळ' या संकल्पनेपुढची पहिली अडचण ऐतिहासिक आहे. या परंपरेतील आद्य यंत्र म्हणजे एम-७२. ७४६ घनसेंटिमीटरचे, दोन आडव्या सिलिंडरांचे इंजिन आणि साखळीऐवजी दंडाने मागच्या चाकाला गती देणारी रचना असलेली ही गाडी जर्मनीच्या बीएमडब्ल्यू आर-७१ या गाडीवरून बेतलेली आहे. ती रशियात कशी पोहोचली, याविषयी दोन कथा प्रचलित आहेत. एका कथेनुसार तटस्थ स्वीडनमार्फत पाच गाड्या गुपचूप विकत घेऊन सोव्हिएत अभियंत्यांनी त्यांचा एकेक भाग उकलून पाहिला. दुसरीनुसार १९३९ च्या जर्मन-सोव्हिएत करारानंतरच्या सहकार्याच्या काळात हे तंत्र उघडपणे मिळाले. १९४१ मध्ये मॉस्कोत उत्पादन सुरू झाले. त्याच वर्षी जर्मन सैन्य राजधानीच्या रोखाने येऊ लागले, तेव्हा कारखाना उरल पर्वतापलीकडे इर्बित या गावी, मद्याच्या एका जुन्या भट्टीच्या जागेत हलवण्यात आला. १९४२ च्या फेब्रुवारीत तेथील पहिल्या गाड्या आघाडीवर रवाना झाल्या. शत्रूच्या आराखड्यावर बनलेले यंत्र शत्रूविरुद्ध लढावयास गेले, असे या प्रसंगाचे सार सांगता येईल.

इझेव्हस्क येथे १९४६ पासून निघालेली इझ-३५० ही गाडीदेखील डीकेडब्ल्यू या जर्मन कंपनीच्या गाडीची प्रतिकृती होती. पराभूत जर्मनीकडून युद्धाची भरपाई म्हणून मिळालेले कारखान्याचे साहित्य आणि आराखडे तिच्या पाठीशी होते. त्याच कंपनीच्या आरटी-१२५ या लहान गाडीचा आराखडा तर मॉस्कोत, इंग्लंडात आणि अमेरिकेत अशा तिन्ही ठिकाणी नव्या नावांनी अवतरला. तेव्हा मुळाचा शोध घेत निघालेल्या माणसाला मूळ सापडते ते दुसऱ्याच देशात, दुसऱ्याच नावाने. तेथवर जाऊन तो सोव्हिएत यंत्राला जर्मन करू लागला, तर मुळाच्या निष्ठेपायी त्याच्या हातून वस्तूच नाहीशी होईल. यावरून अस्सलता ही उगमात शोधण्याची बाब नव्हे, एवढे तरी मान्य करावे लागते.

३

दुसरी अडचण तात्त्विक आणि अधिक गंभीर आहे. चित्र पूर्ण होते तो क्षण चित्रकाराचा असतो. त्या क्षणाकडे परत जाण्याच्या धडपडीला निदान कर्त्याच्या हेतूचा आधार सापडतो. साखळी-पद्धतीने जुळवलेल्या यंत्राच्या बाबतीत असा क्षण कोणाचाच नसतो. कारखान्याच्या दारातून बाहेर पडताना एक एम-७२ दुसरीपासून वेगळी ओळखता येते ती केवळ तिच्यावर ठोकलेल्या क्रमांकामुळे. तिला स्वतंत्र व्यक्तित्व येते ते त्यानंतर, म्हणजे वापरात, मोडतोडीत आणि दुरुस्तीत. म्हणूनच यंत्राला 'कारखान्यातून निघाले तसे' करणे म्हणजे त्याला ज्या अवस्थेत काहीही स्वतःचे नव्हते, त्या अवस्थेला नेणे होय. या क्रियेत नमुना वाचतो, परंतु ती एक विशिष्ट गाडी पुसली जाते.

सोव्हिएत संदर्भात हा मुद्दा विशेष तीव्र होतो. तेथे सुट्या भागांचा तुटवडा हा अपवाद नसून नित्याचा अनुभव होता, आणि दुरुस्ती हे यंत्राच्या मालकाचेच काम समजले जाई. त्यामुळे एकाच गाडीत एम-७२ चा सांगाडा, नंतरच्या काळातील उरालचे इंजिन आणि घरीच जोडकाम केलेली पायटेकणी एकत्र नांदताना आढळतात. झिगुली मोटारीचा पिस्टन मोटारसायकलीच्या सिलिंडरमध्ये बसवण्याची युक्ती तर या जाणकारांमध्ये सुपरिचित आहे. ती मोटारही मुळात इटालियन फियाटच्या आराखड्यावर बेतलेली होती. अशी गाडी 'अशुद्ध' म्हणून दुरुस्त केली जाते, तेव्हा तिच्यातून केवळ परका पिस्टन निघत नाही. नियोजित अर्थव्यवस्थेने जे पुरवले नाही ते माणसांनी कसे मिळवले, याचा कोणत्याही शासकीय कागदात न सापडणारा पुरावाही निघून जातो.

४

मराठी अभ्यासकाला हा पेच अपरिचित वाटू नये. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. हस्तांतरात शिरलेले अपपाठ दूर करून ग्रंथ पुन्हा पठणयोग्य करणे, हा तिचा हेतू होता. पुढे १९०९ मध्ये वि. का. राजवाडे यांनी एकनाथपूर्व म्हणून एक प्रत प्रसिद्ध केली, ती जुन्या भाषारूपाच्या ओढीने. एकाला ग्रंथ चालता हवा होता आणि दुसऱ्याला तो साक्षीदार म्हणून हवा होता. जीर्णोद्धाराच्या या दोन्ही प्रेरणा प्रामाणिक आहेत आणि त्या नेहमी एकमेकींशी जुळतातच असे नाही.

पुण्याच्या भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीने या पेचाला एक पद्धतशीर उत्तर दिले. सुकथनकरांनी घालून दिलेल्या शिस्तीनुसार व्यासांच्या हातची संहिता सापडल्याचा दावा तेथे केलेला नाही. उपलब्ध हस्तलिखितांवरून जेथवर पोचता येते तेथवर पोचायचे आणि जे पाठ वगळले ते तळाशी नोंदवून ठेवायचे, असा तो मार्ग आहे. संपादकाचा निर्णय चुकीचा ठरला तर तो उलटवण्याचे साधन त्याच पानावर वाचकाच्या हाती राहते. यंत्राच्या जीर्णोद्धारकालाही अशा तळटिपेची गरज आहे. काढलेला भाग जपून ठेवणे, उतरवण्यापूर्वी रंगाच्या थरांची नोंद करणे आणि नवा भाग नवा म्हणून ओळखू येईल असा ठेवणे, या साध्या गोष्टी त्याला पाठचिकित्सकाच्या पंगतीस बसवतात. वाळूचा मारा मात्र सर्व पाठभेद एकदमच जाळून टाकतो.

५

यावर एक वजनदार आक्षेप संभवतो. मालकाने केलेली जोडतोड हे प्रेमाचे किंवा कल्पकतेचे नव्हे, तर लाचारीचे चिन्ह होते. नवा भाग मिळता तर त्याने जुन्याला हातही लावला नसता. असे असता त्या ठिगळांचे कौतुक करणे म्हणजे इतरांच्या अभावाचे सौंदर्यशास्त्र मांडण्याचा सुखवस्तू विलास होय. हा आक्षेप सहजी झटकता येत नाही. गंजाची पूजा ही नव्या रंगाच्या पूजेइतकीच आंधळी असू शकते. शिवाय झिजलेला ब्रेक 'पुरावा' म्हणून जपणारा माणूस साइडकारमध्ये बसलेल्या दुसऱ्या माणसाचा जीव पणाला लावतो. यंत्र हे चालण्यासाठी आहे, आणि न चालणाऱ्या यंत्राची साक्षही अपुरीच असते.

तथापि आक्षेपाने सिद्ध होते ते इतकेच, की ठिगळ सुंदर मानू नये. ते खरे मानू नये, असे त्यातून निष्पन्न होत नाही. लाचारीची खूण पुसल्याने लाचारी झाली नव्हती असे होत नाही. ती कोणी सोसली हे मात्र विसरले जाते. म्हणून ज्यावर जीव अवलंबून आहे ते बदलावे, ज्यावर केवळ दिसणे अवलंबून आहे ते शक्यतो राहू द्यावे, आणि बदल केला तेथे तो लपवू नये, ही मर्यादा पुरेशी व्यवहार्य वाटते.

६

ही मर्यादा ओलांडल्यास काय घडते, याचे टोकाचे उदाहरण याच क्षेत्रात उपलब्ध आहे. एम-७२ आणि तिची चिनी वंशज चांग ज्यांग ७५० यांना राखाडी रंग देऊन, टाकीवर बीएमडब्ल्यूचे बोधचिन्ह आणि साइडकारवर जर्मन सैन्याच्या खुणा रंगवून त्या युद्धकालीन जर्मन गाड्या म्हणून मिरवल्या गेल्या आहेत. चित्रपटांतूनही हे सोंग वारंवार दिसते. ग्राहकाची फसवणूक हा यातील लहान गुन्हा आहे. जे यंत्र आक्रमकाला थोपवण्यासाठी घडवले गेले, त्यालाच आक्रमकाचा गणवेश चढवणे हा मोठा गुन्हा होय. कारण ज्यांच्या वतीने ते यंत्र साक्ष देऊ शकले असते, त्यांच्याविरुद्ध ते येथे साक्षीला उभे केले जाते.

उलट दिशेचा मोहही कमी घातक नाही. युद्धानंतर नागरी वापरासाठी निघालेल्या आणि आयुष्यभर बटाट्याची पोती वाहिलेल्या गाडीला आघाडीवरील गाडीचे रूप देणे हीदेखील खोटी साक्षच. राष्ट्रांना अशी साक्ष हवीहवीशी वाटते, म्हणून ती अधिक सावधपणे तपासावी लागते. उराल आणि द्नेपर ही एकाच एम-७२ ची, एक इर्बितची तर दुसरी कीव्हची अपत्ये. २०१५ मध्ये युक्रेनने सोव्हिएत राजवटीच्या चिन्हांच्या सार्वजनिक वापरावर कायद्याने निर्बंध घातले. २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर मोठे आक्रमण केल्यानंतर उरालची जुळणी इर्बितहून कझाकस्तानातील पेत्रोपाव्लोव्स्क येथे नेण्यात आली. आज ज्याच्या हाती यांपैकी एखादी जुनी गाडी येईल, त्याच्यासाठी टाकीवरचे अक्षर पुन्हा कोरावे की तसेच पुसट राहू द्यावे, हा केवळ अभिरुचीचा प्रश्न उरलेला नाही.

जीर्णोद्धारक वस्तूचा दुसरा कर्ता नसतो आणि तिचा मालकही अल्पकाळच असतो. संहितेच्या संपादकाप्रमाणे त्याचे स्थान दोन वाचकांच्या मधले आहे. पूर्वीच्यांनी तिच्यावर जे लिहिले ते पुढच्याला वाचता यावे, एवढे त्याचे देणे आहे. गाडी रस्त्यावर धावू लागली आणि तरीही कोणता भाग कोणाच्या हातचा हे तिच्याकडे पाहून सांगता आले, तर ते देणे फिटले असे म्हणता येईल.