सांध्यावरचा पक्षी

चीनमधल्या कँटनहून विलायतेला जाणाऱ्या, हातानं रंगवलेल्या भिंतकागदासोबत अनेकदा काही जादा पक्षी जात. फुलपाखरंही. पट्टे डकवताना कुठे सांधा उघडा पडला, की एक पक्षी कापायचा आणि तिथे बसवायचा.

पाहुण्याला पक्षी दिसे. सांधा ठाऊक फक्त डकवणाऱ्याला.

*

अठराव्या शतकातला हा माल. बहुधा २५ किंवा ४० पट्ट्यांचा संच. फुला-पाखरांच्या कागदात एक पट्टा दुसऱ्यासारखा नसे. या पट्ट्यातली फांदी शेजारच्या पट्ट्यात शिरे. चार भिंती मिळून एक बाग. पानगळ नसलेली.

*

ज्यांनी ही बाग रंगवली, त्यांच्या घरी ती नसे. चिनी घरात भिंतीचा कागद साधा; चित्र हवं तर टांगायचं, मन भरलं की गुंडाळून ठेवायचं. भिंतभर चित्र ही परक्या गिऱ्हाइकाची हौस. त्याला वाटे, आपण चीन घरी आणला. आणली होती स्वतःचीच आवड, चिनी हातानं रंगवून.

*

हात मात्र खोटा नव्हता. वनस्पतींचा जाणकार जोसेफ बँक्स १७७० साली जावात होता. त्यानं लिहून ठेवलं, की बांबूसारखी झाडं चिनी कागदावर जशी उतरली आहेत, तशी उत्तमोत्तम ग्रंथांतही नाहीत.

शोभा म्हणून घेतलेल्या वस्तूत कधी विद्या निघते. घेणाऱ्यानं तिचे पैसे मोजलेले नसतात.

*

इंग्लंडात या चिनी कागदाला नाव पडलं ‘इंडिया पेपर’. का, तर तो ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून येई. मुंबईच्या बंदरातून कँटनला कापूस जाई, अफू जाई. त्या पैशावर कँटनचा चहा विलायतेला निघे. माल चीनचा, भिंत इंग्रजाची, नाव आपलं.

नाव हासुद्धा सांध्यावर चिकटवलेला पक्षीच.

*

१७९३ साली लॉर्ड मॅकार्टनी व्यापाराच्या सवलती मागायला चीनच्या सम्राटाकडे गेला. एकही मिळाली नाही. येताना आणलेला कागद त्यानं थॉमस कूट्स या बँकवाल्याला भेट दिला.

वकिलात उखडली, कागद चिकटला.

*

लीड्सजवळच्या टेंपल न्यूसम वाड्यातल्या लेडी हर्टफर्डला इंग्लंडच्या युवराजाकडून असाच कागद मिळाला होता. वीसेक वर्षांनी तो भिंतीवर लागला, तेव्हा बाईंना पक्षी कमी वाटले. त्यांनी ऑड्युबनचा अमेरिकन पक्ष्यांचा ग्रंथ घेतला, चित्रं कापली आणि चिनी फांद्यांवर अमेरिकेचे पक्षी बसवले. तो ग्रंथ आज जगातल्या सर्वांत महागड्या छापील पुस्तकांत मोडतो.

कात्रीला किंमत कळत नाही. रिकामी फांदी मात्र तिला बरोबर दिसते.

*

नॉरफॉकमधल्या फेलब्रिग हॉलमध्ये १७५२ साली हा कागद लावायला लंडनहून खास कारागीर आला. रोजचे साडेतीन शिलिंग, वर प्रवासखर्च. मालकाला ते झोंबलं. त्या कुरकुरीमुळेच कारागिराचं नाव राहिलं: जॉन स्क्रटन. रंगवणाऱ्यांशी कुणी घासाघीस केली असेल तर ती कँटनच्या दुकानात, तोंडी. त्यांची नावं राहिली नाहीत.

*

पक्षी काढला एकानं. तो कुठे बसेल, हे ठरवलं दुसऱ्यानं, समुद्रापार, खळीचा ब्रश हातात धरून. दोघांची गाठ कधी पडली नाही.

जिथे पडायला हवी होती, तिथे तो पक्षी बसला आहे.