तगरच्या वाटेवर बीड

बीड जिल्ह्यातले धारूर म्हटले की किल्ला आठवतो. पण १८८४ साली डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी दख्खनच्या प्राचीन इतिहासावर लिहिताना, सातवाहनकाळातले तगर हे मोठे शहर धारूरलाच असावे असा तर्क मांडला होता, हे थोड्यांनाच ठाऊक असते. तर्क चुकला. तरीही हरवलेली गावे शोधायची कशी, याविषयीचा आपला विचार कसा पक्का होत गेला हे समजून घ्यायला मला तो फार मोलाचा वाटतो.

तगरचा पत्ता एका ग्रीक पुस्तकात आहे. पहिल्या शतकात इजिप्तमधल्या कुणा अनाम व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’मध्ये म्हटले आहे की, भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर. पैठणहून अकीक जाई, तगरहून जाडेभरडे कापड आणि मलमल; धड रस्ता नसलेल्या मुलखातून गाड्या भरून माल भडोचला पोचे. पुढे १७८७ साली ठाण्यात शिलाहारांचा ताम्रपट मिळाला. तगर हे आपल्या घराण्याचे मूळ शहर, असे हे राजे अभिमानाने सांगत. म्हणजे तगर ही काही परदेशी माणसाची ऐकीव गोष्ट नव्हती. पण ते होते कुठे?

विल्फर्ड या अभ्यासकाने देवगिरीकडे बोट दाखवले. प्राचीन वैभव म्हटले की नजर नामांकित ठिकाणाकडेच जाते. पण देवगिरी पैठणच्या वायव्येला आहे, पूर्वेला नव्हे. ग्रँट डफने बीडच्या ईशान्येचा गोदाकाठ सुचवला, भांडारकरांनी धारूर. हे पाऊल फार महत्त्वाचे होते, कारण आता कीर्तीपेक्षा दिशा आणि अंतर यांना मान मिळाला. जुना मजकूर नकाशावर ठेवून तपासायचा असतो, ही शिस्त आली.

१९०१ साली फ्लीट या अभ्यासकाने तगर म्हणजे शेजारच्या धाराशिव जिल्ह्यातले तेरणाकाठचे तेर, असे मांडले. ‘तगर’ झिजत झिजत ‘तेर’ झाले, हा त्याचा एक आधार. दुसरा आधार अंतराचा. पैठणपासून तेर सरळ रेषेत दीडशे किलोमीटरच्या आसपास आहे. बालाघाटाची चढण धरून लादलेली बैलगाडी दिवसाला पंधराएक किलोमीटर जाईल, तर दहा दिवस बरोबर जमतात. अडचण दिशेची होती. तेर पैठणच्या आग्नेयेला, बरेच दक्षिणेकडे झुकलेले आहे. निव्वळ ग्रंथातली दिशा पाहिली तर धारूरच अधिक जुळते! मग कोणाचे ऐकायचे?

हाच पेच पॅलेस्टाईनमध्येही होता. एडवर्ड रॉबिन्सन १८३८ साली बायबल हाती घेऊन तिथे फिरला. अरबी खेड्यांच्या नावांत जुनी नावे टिकून आहेत, हे त्याने ओळखले आणि अल-जीब हेच बायबलमधले गिबोन, असे सांगितले. तरीही शंका राहिल्याच. १९५६ पासून प्रिचर्डने तिथे उत्खनन केले, तेव्हा ‘गिबोन’ अशी अक्षरे कोरलेल्या रांजणांच्या मुठीच हाती आल्या. नावाने वाट दाखवली, पण निकाल मातीने दिला.

तेरलाही बोलली ती पांढरीच, म्हणजे जुन्या वस्तीची माती. हेन्री कझिन्सने तिथली पाहणी केली. विटांनी बांधलेले, मागची बाजू अर्धवर्तुळाकार असलेले त्रिविक्रम मंदिर मुळात बौद्ध चैत्याच्या घडणीचे होते. १९५८ साली चापेकरांनी आणि नंतर डॉ. शां. भा. देवांनी उत्खनन केले. सातवाहनांची वस्ती, नाणी, केओलिनच्या बाहुल्या असा व्यापारी शहराचा संसार उघडा झाला. त्याच्याही आधीपासून गावातल्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी पावसाने उघड्या पडलेल्या वस्तू जपून ठेवल्या होत्या. आज त्यांच्या नावाचे संग्रहालय तेरमध्ये उभे आहे. तेरच्या हस्तिदंती स्त्रीमूर्तीचे साम्य इसवी सन ७९ मध्ये राखेखाली गाडल्या गेलेल्या पाँपेईत सापडलेल्या भारतीय मूर्तीशी दाखवतात. विद्वानांच्या लेखणीइतकेच, किंबहुना काकणभर अधिक, श्रेय मी लामतुऱ्यांना देईन.

मग बीडच्या वाट्याला काय आले? शहर गेले, पण वाट राहिली. पैठणहून गोदावरी ओलांडली की गेवराई लागते. तिथून बालाघाट चढून मांजरा उतरेपर्यंत तेरकडे जाणाऱ्या गाडीवानाला बीडचाच मुलूख तुडवावा लागे. दहा दिवसांतले बहुतेक मुक्काम इथलेच असणार. पाणी, वैरण, तळासाठी मोकळी जागा जिथे होती तिथे वस्ती झालीच असणार. भांडारकरांनंतर आपण फक्त मोठ्या नावांच्या मागे लागलो आणि या मधल्या गावांकडे पाहिलेच नाही, असे मला तीव्रतेने वाटते. तगरचा शोध तेरला पूर्ण झाला असे मानणे म्हणजे अर्धाच शोध घेणे होय.

इथल्या पांढऱ्या शेततळ्यांसाठी, घरांच्या भरावासाठी जेसीबीने उपसल्या जातात. एकदा थर विस्कटले की कोणताही ग्रंथ ते परत लावून देऊ शकत नाही. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत सापडलेल्या दहा रुपयांहून अधिक किमतीच्या पुरलेल्या वस्तूची खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते. खापरे, मणी, विटा बाजारात कवडीमोलाच्या असतील, पण त्यांचीही खबर द्या. तुमच्या शेतात भल्या मोठ्या जुन्या विटा किंवा काळ्या-तांबड्या खापरांचा थर लागला, तर खोदणे तिथेच थांबवा, जागेचे फोटो काढा आणि तहसील कार्यालयाला किंवा पुरातत्त्व विभागाला कळवा.